अंगणातलं जंगल

मला कुणी घनदाट जंगलात नेऊन सोडलं, तर मी सहजासहजी मरणार नाही. गढूळ पाणी पिण्याजोगं कसं करायचं, भिजलेल्या लाकडाचा कोरडा गाभा कसा काढायचा, साप चावलेल्या माणसाला चालवायचं का नाही, हे सगळं मला येतं. अडचण एवढीच की मला जंगलात नेऊन सोडायला कुणी तयार नाही. मी लातुरात एका शिकवणीत जीवशास्त्र शिकवते, चौथ्या मजल्यावर राहते, आणि माझ्या खिडकीतून जी काही झाडं दिसतात ती कुंड्यांमध्ये आहेत. ही सगळी विद्या मला आईनं शिकवली, नांदेडच्या आमच्या घराच्या अंगणात. तिनंही जंगल पाहिलेलं नव्हतं. ती टीव्हीवरून आणि पुस्तकांवरून शिकायची आणि शिकेल तसं मला शिकवायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतरांना आईची आठवण पुरणपोळीच्या वासानं येते म्हणे. मला रस्त्यात सुतळीचा तुकडा पडलेला दिसला की येते.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. घर विटांचं, दोन खोल्यांचं, वर स्लॅब. पुढे छोटंसं अंगण, अंगणात एक लिंब. निजामाच्या काळापासून नांदेडात राहणारं एक मुसलमान कुटुंब शेजारी होतं. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. त्या घरातल्या बाईंना मी चाची म्हणायची. माझं निम्मं बालपण त्यांच्याच घरात गेलं, कारण आई शाळेतून येईपर्यंत मला कुठेतरी ठेवावंच लागायचं.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. नांदेडला फडताळातली भांडी वाजली, कुत्री भुंकली, लोक रस्त्यावर आले आणि थोड्या वेळानं चहा प्यायला परत घरात गेले. पण आईचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, निलंग्याकडचं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी तिकडची घरं. रेडिओवर बातमी ऐकली तशी आई आणि बाबा मला चाचींकडे सोडून मिळेल त्या गाडीनं निघाले. काही दिवसांनी परत आले तेव्हा माझे आजोबा, आजी आणि धाकटा मामा तिघंही नव्हते. तिथे काय झालं, काय पाहिलं, यातलं एक अक्षर आई बोलली नाही. तिनं आंघोळ केली, शाळेत गेली, आणि संध्याकाळी आपलं अंथरूण उचलून अंगणात नेलं.

तेव्हा आख्खं नांदेड अंगणात झोपत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. लोक जर्मनच्या पातेल्यावर पेला पालथा घालून ठेवायचे, म्हणजे जमीन हलली की तो पडून जाग येईल. मांजरांनी बरेच भूकंप घडवून आणले. मला मात्र ते दिवस फार आवडले. आईच्या वाकळेत शिरायचं, तिच्या पोटावर पाय टाकायचा आणि लिंबाच्या फांद्यांतून दिसणारं आभाळ बघायचं. मग थंडी पडली, दंव पडू लागलं आणि मला दमा लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही मुलगी थंडीपावसात बाहेर झोपता कामा नये. बाबा मला घेऊन आत आले. एव्हाना गल्लीतली सगळी माणसं आत गेली होती. आई मात्र नाही आली.

बाबांनी तिच्यासाठी अंगणात, घराच्या भिंतीला लागून, चार लोखंडी पाइपांवर पत्रे टाकून शेड केलं. त्यात तिची बाज. पावसाळ्यात बाजूनं ताडपत्री. फक्त उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने मला बाहेर परवानगी असायची, आणि उरलेलं वर्ष मी त्या दोन-अडीच महिन्यांची वाट बघत काढायची. मला एकच गोष्ट हवी होती. आईनं आत येऊन माझ्या शेजारी झोपावं. मी रडले, रुसले, जेवण सोडून पाहिलं. आई सगळं शांतपणे ऐकून घ्यायची, माझं पांघरूण नीट करायची आणि बाहेर जायची. दम्याचा जोर झाला की ती आत यायची, उशाशी बसून छातीला तेल चोळायची, वाफ द्यायची. माझा श्वास जागेवर आला की उठून परत बाहेर. मला दम्यापेक्षा तो बरा होण्याची भीती वाटायची.

पुस्तकांचं सुरू झालं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. जुन्या मोंढ्याजवळ एक रद्दीवाला फुटपाथवर पुस्तकं मांडायचा. तिथून आई एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. वर दाढीवाल्या माणसाचं चित्र, मागे बर्फाचे डोंगर. रानात एकटं सापडल्यावर जगायचं कसं, असा एकूण विषय. आईचं इंग्रजी बेताचंच, म्हणून बाबांनी शब्दकोश घेऊन बसायचं आणि मराठीत सांगायचं असं ठरलं. बाबांना हे काम मनापासून आवडलं, पण तसं दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"अगं, पण आपल्याला हे कशाला?" ते विचारायचे. "इथून जंगल पाहायला माहूरला जावं लागतं."

"ज्याला घर लागतच न्हाई, त्याच्यावर घर पडत न्हाई," आई म्हणायची. "वाचा तुम्ही पुढं."

बाबा पुढे वाचायचे. पुस्तक कुठल्यातरी थंड मुलखातलं होतं. त्यात अस्वलं होती, गोठलेली तळी होती, आणि बर्फ पोखरून आत उबदार बीळ कसं करायचं याचं सविस्तर वर्णन होतं. आईनं पुष्कळ विचार केला आणि बर्फाच्या जागी कडबा चालेल असं ठरवलं. आमच्या गल्लीच्या मागे एका गवळ्याच्या वाड्यात कडब्याची मोठी गंजी होती. एका रविवारी आई आणि मी त्या गंजीत बीळ पोखरलं. ते खरोखरच उबदार झालं, हे आधी सांगते. पण कडब्याच्या धुरळ्यानं मला असा खोकला लागला की गवळी म्हैस सोडून धावत आला. तो आम्हाला काही बोलला नाही, कारण त्याची पोरं आईच्या शाळेत होती. बोलले ते बाबा. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं प्रकरण काढलं.

पुढचं प्रकरण पाण्याचं होतं. झाडाच्या हिरव्या फांदीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून उन्हात ठेवली की पानांमधून निघणारी वाफ आत जमते आणि पाणी होतं. आमच्याकडे झाड एकच, लिंबाचं. दिवसभरानं पिशवीच्या तळाशी घोटभर पाणी जमलं तेव्हा आईचा चेहरा असा खुलला की तो मला अजून दिसतो. तिनं ते वाटीत काढलं आणि बाबांपुढे धरलं. बाबांनी एक घोट घेऊन बराच वेळ तोंड वाकडंच ठेवलं. शेवटी म्हणाले, "जीव वाचेल. पण वाचून काय करायचं असं वाटेल."

घड्याळावरून दिशा काढायचा प्रयोग तर आमच्या अंगलटच आला. तासकाटा सूर्याकडे धरायचा, मग तो काटा आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण, असं पुस्तकात दिलेलं. आम्ही मे महिन्यात भर दुपारी आसना नदीच्या अलीकडच्या शेतांत गेलो आणि कुणालाही न विचारता, फक्त घड्याळाच्या भरवशावर घरी यायचं ठरवलं. मे महिन्यात आमच्याकडे बाराच्या सुमाराला सूर्य सरळ डोक्यावर असतो, सावली पायांखाली जाऊन बसते. काटा धरायचा कुठे? आईनं एकदा इकडे धरला, एकदा तिकडे धरला. आम्ही एका वीटभट्टीवर जाऊन निघालो. तिथल्या बायकांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि एवढ्या उन्हात लेकराला घेऊन कुठे निघालात म्हणून विचारलं. "घरी," आई म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि मग मलाही. त्या दुपारी आम्ही दोघी इतक्या हसलो की भट्टीवरच्या एकीला आम्हाला ऊन लागलं असं वाटलं.

मी सहावीत गेले तोवर चाचींकडे केबल आलं होतं. एका वाहिनीवर गोरा माणूस एकटाच जंगलात हिंडायचा आणि हिंदीतून बोलायचा. त्याचे ओठ हलायचे थांबले तरी आवाज चालूच असायचा. आई शाळेच्या वह्या घेऊन चाचींकडे येऊन बसायची. डोळे टीव्हीवर, हातात लाल पेन. त्यानं गाठ मारली की आई माझ्या ओढणीच्या टोकाला तशीच गाठ मारून बघायची. माझ्या सगळ्या ओढण्यांची टोकं चुरगळलेली असायची ती यामुळे. चाची पान लावता लावता सगळं बघायच्या. एकदा तो माणूस नदीकाठी बसून कच्ची मासळी खात होता. चाचींचा हात थांबला.

"इसकी माँ कू मालूम है क्या, ये किधर बैठा सो?" त्यांनी विचारलं.

मी खूप हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "वही तो बात है चाची. किसी एक को तो मालूम होना चाहिए."

आईच्या शिकवण्यात काही नियम होते. खिशात कायम सुतळी आणि काडेपेटी. गळ्यात शिट्टी, शाळेतसुद्धा, त्यावरून मुली मला पोलीस म्हणायच्या तरीसुद्धा. संकटात कुठलीही खूण तीनदा करायची. तीन शिट्ट्या, तीन जाळ, तीन ठोके. जगात कुठेही तीन म्हणजे मदत हवी, असं पुस्तकात होतं. रोज झोपताना मी आतून भिंतीवर वाटीनं तीन ठोके द्यायची आणि बाहेरून आईची बांगडी वाजायची. बाबा म्हणायचे, आमच्या घरात तारखातं उघडलंय. मला तो खेळ आवडायचा आणि नकोसाही व्हायचा. विटांच्या पलीकडे ती एवढी जवळ होती की हात पोचावा, आणि पोचत नव्हता.

सगळ्यात कडक नियम अंथरुणाचा होता. आतल्या खोलीत त्या भिंतीलगत, खिडकीच्या खाली, तीच माझी झोपायची जागा. एकदा उकाडा होता म्हणून मी अंथरूण पंख्याखाली, पार दुसऱ्या कोपऱ्यात ओढलं. माझे ठोके भलतीकडून आले तशी आई आत आली. ती माझ्यावर कधीच ओरडत नसे. त्या दिवशी ओरडली. "तुझी जागा कुठं हाय? कुठं हाय तुझी जागा?" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत तिनं गादी माझ्यासकट ओढत परत भिंतीपाशी नेली. मला वाटलं, स्वतः घाबरून बाहेर झोपते आणि मला मात्र हलूही देत नाही. मी ठोके द्यायचं बंद केलं. काही दिवस बाहेरून बांगडी वाजायची, मी गप्प पडून राहायची. मग मलाच राहवलं नाही.

जंगल आम्ही एकदाच पाहिलं. सातवीच्या परीक्षेनंतर माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो. एसटी सागवानाच्या जंगलातून चढायला लागली तसं आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते आत घेतलंच नाही. दर्शन झालं, तांबूल घेतला, आणि उतरताना आई पायऱ्या सोडून सरळ झाडांत शिरली. तिच्या पिशवीत दोरी होती, मेणात बुडवलेल्या काड्या होत्या, सुरी होती. पानांचा आडोसा करायचा तिचा बेत होता. पण उन्हाळ्यात सागाला पानंच नसतात. सगळी खाली पडलेली, परातीएवढाली, पाय पडला की पापडासारखी मोडणारी. हे ना पुस्तकाला ठाऊक होतं ना टीव्हीतल्या माणसाला. आमच्या दशम्या माकडांनी पळवल्या. बाबा छत्री उघडून उरलेल्या प्रसादाची राखण करत बसले.

आईनं कोरडी पानं गोळा करून त्यांची जाड गादी केली, त्यावर चादर टाकली आणि म्हणाली, "ये." मी तिच्या शेजारी आडवी झाले. भोवती उभे बुंधे आणि वर नुसतं ऊन. थोड्या वेळानं पाहिलं तर आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात सैल, कपाळावरची आठी गेलेली. उन्हाळ्यात अंगणात मी तिच्या शेजारी झोपायची, पण कायम तिच्या आधी झोपायची आणि तिच्या नंतर उठायची. आईला झोपलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती. चादरीवर मुंगळे चढले, एक माझ्या मानेला चावला, तरी मी हलले नाही. बाबांनी दुरूनच ओठांवर बोट ठेवलं. शेवटची गाडी गाठायची म्हणून तिला उठवावं लागलं तेव्हा मला रडू आलं. बाबांना वाटलं, मुंगळ्यामुळे.

मग दहावी झाली. तोवर लातूरचं नाव सगळीकडे गाजायला लागलं होतं. डॉक्टर व्हायचं तर लातूर, असं नांदेडातले लोकसुद्धा म्हणायचे. ज्या जिल्ह्याचं नाव निघालं की आमच्या घरात बोलणं थांबायचं, तिथेच आता ओळखीपाळखीची सगळी पोरं ट्रंका घेऊन निघाली होती. निकाल लागायची वाट न बघता शिकवण्यांच्या सुट्टीतल्या बॅचा सुरू व्हायच्या, म्हणजे ऐन मे महिन्यात. वर्षभर ज्या उन्हाळ्यासाठी थांबायचं तो उन्हाळाच गेला. मी आईला म्हटलं, जून-जुलैत जाते. आई म्हणाली, "पोर्शन निघून जाईल पुढं." तिनं माझ्या ट्रंकेत सुतळी टाकली.

लातुरातलं होस्टेल म्हणजे एका चार मजली घरातले वरचे तीन मजले. एकेका खोलीत चार खाटा, भाडं खाटेप्रमाणे. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. सकाळी फिजिक्स, दुपारी केमिस्ट्री, संध्याकाळी बायोलॉजी, आणि मधल्या वेळात एका शिकवणीवरून दुसरीकडे सायकली हाणत जाणारी शेकडो पोरंपोरी. मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. जिन्यात पाय वाजला की त्यांचा आवाज यायचा, "कोण गं ते? काय करलालीस?" मेसमध्ये त्यांचा टीव्ही होता. जेवताना कधीमधी तोच गोरा माणूस लागायचा. मुली "ईऽ, अळी खाऊन राहिला" म्हणून ताटं घेऊन उठायच्या. मी एकटी बसून राहायची आणि त्याची शेकोटी कुठे चुकली ते बघायची. सांगायला शेजारी कुणी नसायचं.

रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून चाचींकडे फोन करायची. आई तिथे येऊन बसलेली असायची. दमा कसा आहे, जेवतेस का, हे झालं की ती विचारायची, "खाट कोणती हाय तुझी? दारातून शिरल्यावर कोणत्या हाताला? जिना कुणीकडं?" मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग मी चिडायला लागले. पैसे त्या खाटेतच जातात, दुसरं काहीतरी बोल, म्हणायची. ती म्हणायची, "बदलली की सांग फक्त."

पावसाळा संपत आला तेव्हा एकदा फोनवर बाबा होते. आवाजात उत्साह मावत नव्हता. म्हणाले, "अगं, एक सांगायचंच राहिलं. तुझी आई आत झोपायला लागली. तू गेलीस त्या आठवड्यापासनंच. तुझ्याच जागेवर."

मी बरं म्हणून फोन ठेवला. खोलीवर येऊन खाटेवर पडले आणि त्या दिवशी शिकवणीला गेले नाही. इतकी वर्षं मी मागितलं ते तिनं मला दिलं नाही, आणि माझी पाठ वळल्याबरोबर सहज देऊन टाकलं. म्हणजे भूकंपाची भीती वगैरे काही नव्हती. तिला माझ्याच जवळ नको होतं. मी सोळा वर्षांची होते, मला दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी केला आणि अभ्यासाचं सांगून लवकर ठेवला.

दिवाळीला शिकवणीनं मोजकीच सुट्टी दिली. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत माझा राग निवत गेला आणि लोह्याच्या पुढे तर मला घाईच झाली. आज ती आत आहे, एवढंच डोक्यात. घरी गेले तर खरंच, आतल्या खोलीत खिडकीखाली आईची वाकळ घडी करून ठेवलेली होती. शेडमध्ये बाबांची सायकल आणि सरपण होतं, बाज भिंतीला उभी केलेली. आईनं मला जवळ घेतलं, वाळलीस म्हणाली, अनरसे खायला लावले. मी संध्याकाळीच माझी गादी तिच्या वाकळेला चिकटवून घातली. मधे फट राहू नये म्हणून हातानं दाबून घेतली.

जेवणं झाली, अंगणातल्या पणत्या विझत आल्या, बाबा पलंगावर पडले. आईनं मागचं आवरलं, हात पुसले, आत आली आणि आपली वाकळ उचलली. मला कळेना. ती अंगणात गेली, सायकल बाजूला सारली, बाज आडवी केली आणि भिंतीला लावली. मी दारात जाऊन उभी राहिले.

"मी एवढी वाईट आहे का?" मी विचारलं. "मी नसले की आत, मी आले की बाहेर?"

आईनं वाकळ हातातच धरली आणि बाजेवर बसली.

"आम्ही गेलो न्हवं तिकडं, भूकंपाला," ती म्हणाली. "मी पोचले तवा शेजारचे म्हणत होते, आतून आवाज यायलाय. दगडमातीचा ढीग सगळा. कुठून यायलाय ते कळंना. मला म्हणले, बाई, तू लेक ह्या घरची, झोपायची जागा दाव. मी माजघर दावलं. आम्ही कायम माजघरातच झोपायचो. लोकांनी हातानं उकरलं, पार अंधार पडस्तोवर. तिथं कुणीच न्हवतं." तिनं वाकळेची घडी गुडघ्यावर सारखी केली. "त्या उन्हाळ्यात तुझ्या मामानं पुढं नवी खोली काढली होती. तिघंबी तिथं झोपले होते. मला कुणी सांगितलंच न्हवतं. लेकीला कोण सांगतं, आम्ही आजकाल कुठं झोपतो म्हणून. दुसऱ्या दिवशी सापडले."

आवाजाचं मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

"बाहेर एक माणूस पाहिजे," आई म्हणाली. "आतलं माणूस नेमकं कुठं हाय ते ठाऊक असलेलं. सगळेच आत असल्यावर दावणार कोण? तुला बाहेर आणता येत न्हाई. मग मी राहते बाहेर."

"आणि ती पुस्तकं? टीव्ही?"

"बाहेर राहायचं तर राहता यायला नको का?"

मी उंबऱ्यावर बसले. आतून बाबांचं घोरणं ऐकू यायला लागलं होतं.

"मग मी नव्हते तेव्हा बाबांसाठी कोण होतं बाहेर?"

"ते कुठं हायेत ते आख्ख्या गल्लीला ऐकू येतं," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझे डोळे भरले.

"आणि लातुरात?"

"तिथं मी काय करणार माय," ती म्हणाली. "खाट कोणती ते विचारून ठेवते, एवढंच."

गार वारं सुटलं होतं. मला एक खोकला आला आणि आई लगेच उठली, मला दंडाला धरून आत आणलं, माझी गादी भिंतीलगत सरकवली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मी तिचा हात धरून ठेवला. इतक्या वर्षांत जे नीट सांगता आलं नव्हतं ते मी सांगितलं.

"आई, मी नाही सापडले तरी मला चालेल. तू इथे झोप."

तिनं हात हळूच सोडवून घेतला. "मला न्हाई चालणार," ती म्हणाली, वाकळ खांद्यावर टाकली आणि बाहेर जाऊन दार नुसतं ओढून घेतलं.